किल्ली झाकायची, चूक नाही

वाचन पातळी : ५ (वय १३ वर्षे आणि पुढे)
पाठाचा प्रकार : अनुभव आणि माहिती

वाचण्याआधी

१. तुमच्या घराची जादा किल्ली कुठे ठेवलेली असते? ती जागा कोणाकोणाला माहीत आहे?
२. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण तुम्ही कोणाच्या तोंडून ऐकली आहे का?

या पाठात द हेगमध्ये राहणारी एक मुलगी आपला अनुभव सांगते. आपण बोलताना 'केलं, गेलं, सांगितलं' म्हणतो, तसेच तिने लिहिले आहे. कठीण शब्दांचे अर्थ पाठाच्या शेवटी आहेत. आधी एकदा न थांबता वाचा. मग अर्थ पाहून पुन्हा वाचा.

१. मसालेभाताचा हिशोब

आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात महाप्रसादाला किती माणसं येणार, याचा दरवर्षी घोळ व्हायचा. कोणी व्हॉट्सॲपवर कळवायचं, कोणी फोन करायचं, तर कोणी काहीच न कळवता सहा जणांना घेऊन यायचं. मसालेभात कधी उरायचा, कधी पुरायचाच नाही. म्हणून गेल्या वर्षी मी मंडळाच्या अध्यक्ष काकूंना म्हटलं, "काकू, मी एक वेब पेज करून देते. त्यावर सगळे नावं नोंदवतील." काकू खूश झाल्या.

पेज सोपं होतं. नाव, फोन नंबर, किती माणसं येणार, आणि कोणाला शेंगदाणे वगैरे चालत नसतील तर ते लिहायला एक चौकोन. नोंदणी झाली की त्या घरी आपोआप मेल जायचा. हे मेल पाठवण्यासाठी मी एका कंपनीची सेवा घेतली होती. त्यांनी मला एक 'एपीआय की' दिली. दिसायला ती नुसती अक्षरांची आणि आकड्यांची लांबलचक माळ. पण ती ज्याच्या हातात, त्याला माझ्या नावाने मेल पाठवता येतात. म्हणजे ती किल्लीच. दुसरी किल्ली होती डेटाबेसच्या पासवर्डची. सगळ्या घरांची माहिती त्या डेटाबेसमध्ये होती.

अशा किल्ल्या प्रोग्रामच्या आत लिहायच्या नसतात, एवढं मला माहीत होतं. त्यांच्यासाठी वेगळी फाईल असते. तिचं नाव टिंबाने सुरू होतं : '.एन्व्ह'. हे 'एन्व्हायर्नमेंट' या शब्दाचं छोटं रूप. प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर चालतोय की खऱ्या सर्व्हरवर, त्याप्रमाणे ज्या गोष्टी बदलतात त्या या फाईलमध्ये लिहितात. एका ओळीत एक नाव, मग बरोबरचं चिन्ह, मग त्याची किंमत. माझी फाईल साधारण अशी होती (खरी फाईल इंग्रजी अक्षरांत असते, इथे समजण्यासाठी मराठीत लिहिली आहे) :

पेजचे_नाव=महाप्रसाद नोंदणी
पोर्ट=३०००
मेल_किल्ली=(इथे खरी किल्ली होती)
डेटाबेस_पासवर्ड=(इथे खरा पासवर्ड होता)

वरच्या दोन ओळी कोणी वाचल्या तरी काही बिघडत नाही. त्या नुसत्या सेटिंग. खालच्या दोन मात्र गुप्त. एकाच फाईलमध्ये दोन्ही शेजारी शेजारी बसल्या होत्या, आणि त्यांच्यातला फरक माझ्या डोक्यात तेव्हा नीट नव्हता.

२. रात्रीतून

एका शुक्रवारी संध्याकाळी पुण्याच्या मावसभावाचा मेसेज आला, "तुझा कोड दाखव ना!" मी सगळं फोल्डर गिटहबवर चढवलं आणि त्याला लिंक पाठवली. रिपॉझिटरी खाजगी हवी की सार्वजनिक, असं गिटहब विचारतं. सार्वजनिक ठेवली की लॉग-इन न करता कोणालाही दिसते. त्याला बघायला सोपं जाईल म्हणून मी सार्वजनिक ठेवली.

त्या फोल्डरमध्ये .एन्व्हची फाईलसुद्धा होती. माझ्या लॅपटॉपवर टिंबाने सुरू होणाऱ्या फाईली दिसत नाहीत. दृष्टीआड सृष्टी! मला दिसली नाही, म्हणून ती तिथे आहे हेच मी विसरले.

शनिवारी सकाळी उठले तर मेल सेवेचा निरोप आलेला. माझ्या खात्यावरून रात्रीत हजारो मेल गेले होते, म्हणून त्यांनी खातं बंद केलं होतं. माझ्या पोटात गोळाच आला. मी तर रात्री एकही मेल पाठवला नव्हता.

नंतर कळलं, की गिटहबवर कोणी नवीन काही चढवलं की ते लगेच चाळणारे प्रोग्राम असतात. किल्लीसारखं काही दिसलं की ते उचलतात आणि वापरून बघतात. माझ्यासारख्या नवख्या मुलीचं फोल्डर कोण कशाला बघेल, असं मला वाटलं होतं. पण तिथे बघणारं माणूस नव्हतंच.

तेव्हा माझ्या मनात पहिला विचार काय आला, ते खरं सांगते. फाईल पुसायची आणि गप्प बसायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी फाईल पुसलीसुद्धा. गिटहबवर जाऊन बघितलं, फाईल नाही. हुश्श केलं आणि नाश्त्याला गेले.

३. बैल गेला नि झोपा केला

माझी ताई डेल्फ्टला कॉम्प्युटर शिकते. दुपारी ती एक नंबरच्या ट्रामने घरी आली. माझं तोंड बघूनच म्हणाली, "काय गं, काय झालं?" मग मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

"पण आता फाईल पुसली मी," मी म्हटलं.

"पुसली नाहीस. वरून चादर टाकलीस." तिने लॅपटॉप ओढला, जुन्या बदलांची यादी उघडली आणि कालच्या नोंदीवर क्लिक केलं. माझी किल्ली तिथे जशीच्या तशी होती.

"हे बघ, गिट म्हणजे एक वही आहे. आजच्या पानावर तू काही खोडलंस, म्हणून कालचं पान फाटत नाही. मागचं सगळं लक्षात राहावं म्हणून तर लोक गिट वापरतात."

"मग .गिटइग्नोर नावाची फाईल असते ना? तिच्यात .एन्व्हचं नाव लिहू?"

"लिही. पण तिच्यात ज्यांची नावं असतात, त्या फाईली गिट नव्याने वहीत घेत नाही, एवढंच. जी फाईल आधीच वहीत गेली, तिला त्याचा काही उपयोग नाही. हे काल लिहायला हवं होतंस. आता म्हणजे बैल गेला नि झोपा केला."

"झोपा म्हणजे? झोपायचं?"

ताई हसली. "नाही गं. झोपा म्हणजे गोठ्याचं दार. आजीला विचार."

"मग काय करू? सगळी वही जाळू?"

"ते नंतर बघू. आधी कुलूप बदल. किल्ली रात्रभर रस्त्यावर पडली होती. कोणी तिची नक्कल करून घेतली असेल, तर मूळ किल्ली परत उचलून काय फायदा?"

आम्ही मेल सेवेच्या साईटवर जाऊन जुनी किल्ली रद्द केली. डेटाबेसचा पासवर्ड बदलला. रिपॉझिटरी खाजगी केली. दहा-पंधरा मिनिटांचं काम. मग ताईने डेटाबेसचा लॉग उघडला. कोण कधी आत आलं, याची नोंद त्यात असते. रात्री दोननंतर एका अनोळखी ठिकाणाहून कोणीतरी आत आलं होतं आणि नोंदणीचा तक्ता वाचून गेलं होतं.

आम्ही दोघी गप्प झालो. त्या तक्त्यात काकूंच्या आईचा फोन नंबर होता. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या एका छोट्या मुलाचं नाव होतं. माझ्या ओळखीच्या माणसांनी माझ्या भरवशावर ते लिहून दिलं होतं.

"आता काकूंना फोन करायचा," ताई म्हणाली.

"पण ताई, आपण नाही सांगितलं तर कोणाला कळणार आहे?"

"उबरलाही असंच वाटलं होतं."

४. उबरचं काय झालं?

ताईने मला सांगितलेली ही गोष्ट खरी आहे आणि ती आमच्या द हेगमध्येच येऊन संपते.

उबर ही टॅक्सीची मोठी कंपनी. २०१६ मध्ये काही चोर तिच्या गिटहबवरच्या रिपॉझिटरीत शिरले. ती रिपॉझिटरी खाजगी होती. पण काही इंजिनिअरांचे पासवर्ड आधीच दुसरीकडे फुटले होते, आणि तेच त्यांनी इथेही वापरले होते. आत कोडमध्ये ॲमेझॉनच्या क्लाऊडची किल्ली लिहिलेली सापडली. त्या किल्लीने चोरांनी जगभरातल्या ५ कोटी ७० लाख ग्राहकांची आणि चालकांची माहिती उतरवून घेतली. त्यांतले १ लाख ७४ हजार लोक नेदरलँड्समधले होते. मजा म्हणजे, उबरला ठेच लागण्याची ही पहिली वेळ नव्हती. २०१४ मध्येही त्यांच्या एका इंजिनिअरने गिटहबवर उघड टाकलेली किल्ली वापरून कोणीतरी आत आलं होतं.

पुढे जे झालं ते जास्त वाईट. उबरने चोरांना १ लाख डॉलर दिले आणि गोष्ट दाबून ठेवली. लोकांना कळलं ते वर्षभराने, नोव्हेंबर २०१७ मध्ये.

नेदरलँड्समध्ये १ जानेवारी २०१६ पासून नियम आहे, की गंभीर माहिती फुटल्याचं कळल्यावर ७२ तासांच्या आत सरकारी कार्यालयाला कळवायचं. २५ मे २०१८ पासून जीडीपीआर या कायद्याने असाच नियम सगळ्या युरोपियन युनियनमध्ये लागू झाला. लोकांच्या व्यक्तिगत माहितीवर लक्ष ठेवणारं डच कार्यालय द हेगमध्ये आहे. या कार्यालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये उबरला ६ लाख युरो दंड केला. तो दंड वेळेत न कळवल्याबद्दल होता. उबरच्या त्या वेळच्या सुरक्षाप्रमुखाला तर २०२२ मध्ये अमेरिकेत ज्यूरीने दोषी ठरवलं, तेही ही चोरी लपवल्याबद्दल.

"म्हणजे किल्ली फुटली ही एक चूक," ताई म्हणाली, "आणि गप्प बसले ही दुसरी. पहिली कोणाच्याही हातून होते."

मी फोन उचलला.

५. 'तांत्रिक अडचण' कोण?

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुला कधी कळलं हे?"

"सकाळी."

"आणि आता चार वाजलेत."

"हो काकू. चुकलं माझं."

"बरं. पुन्हा कधी असं झालं तर एकीकडे दुरुस्ती सुरू कर आणि दुसरीकडे मला फोन लाव. लगेच."

संध्याकाळी काकू, बाबा, ताई आणि मंडळाचे खजिनदार काका आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसले. त्यांनी त्या सरकारी कार्यालयाच्या वेबसाईटवरचा डच फॉर्म भरला. सगळ्या घरांना पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, 'तांत्रिक अडचणीमुळे काही माहिती उघड झाली आहे.'

काकूंनी पेन घेतलं आणि त्या ओळीवर काट मारली. "तांत्रिक अडचण म्हणजे कोण? तिला मी ओळखत नाही. तुझ्याकडून झालं ना? मग तसं लिही."

दुसऱ्यांदा मी लिहिलं : 'मी नोंदणीच्या पेजचा कोड इंटरनेटवर उघड ठेवला. त्यात डेटाबेसचा पासवर्ड होता. शुक्रवारी रात्री कोणीतरी तो वापरून तुमचं नाव, फोन नंबर आणि खाण्याबद्दलची माहिती वाचली. आम्ही पासवर्ड बदलला आहे. मंडळाच्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नका, आधी काकूंना फोन करा. मला माफ करा.'

हे लिहिताना हात थरथरत होता. एका काकांनी बाबांना फोन करून बरंच ऐकवलं. दोन घरांनी "आमचं नाव कागदावरच लिहा" म्हणून सांगितलं. बाकीच्यांनी "कळवलंस ते बरं केलंस" एवढंच लिहिलं. आठवड्याभराने एका आजोबांना मेसेज आला : 'मंडळाची वर्गणी या खात्यात तातडीने भरा.' आजोबांनी पत्र वाचलेलं होतं. त्यांनी पैसे भरले नाहीत, काकूंना फोन केला. त्या रात्री मी पहिल्यांदा शांत झोपले.

६. सायकलचं कुलूप

रविवारी ताई आणि मी सायकलवरून समुद्रावर गेलो. आमच्याकडच्या बऱ्याच सायकलींच्या मागच्या चाकाला गोल कुलूप बसवलेलंच असतं. ते उघडं असताना किल्ली त्यातच अडकून राहते. कुलूप लावलं की मगच ती काढता येते.

"हे कुलूप कोणत्या कंपनीचं आहे, ते वर छापलेलं आहे," ताई म्हणाली. "आतून कसं असतं, तेही शोधलं तर सापडेल. म्हणून तुझी सायकल चोरीला जाते का?"

"नाही. किल्ली माझ्या खिशात असते ना."

मग तिने ओग्युस्त केर्कहॉफ्स यांच्याबद्दल सांगितलं. त्यांचा जन्म १८३५ साली नेदरलँड्सच्या लिम्बुर्ख प्रांतात झाला. पुढे ते पॅरिसमध्ये भाषा शिकवत. १८८३ मध्ये त्यांनी सैन्याच्या गुप्त लिपींवर एक लेख लिहिला. त्यातलं एक तत्त्व आजही शिकवतात : निरोप गुप्त करण्याची सगळी पद्धत शत्रूच्या हातात पडली तरी चालली पाहिजे, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली.

"तुझ्या कोडलाही हेच लागू," ताई म्हणाली. "तुझा सगळा कोड उद्या चौकात लावला तर कोणाचं नुकसान होईल का, असं स्वतःला विचारायचं. उत्तर 'नाही' आलं, तर किल्ल्या बरोबर जागी आहेत."

लक्षात ठेवा : ताईने लिहून दिलेले नियम

कोड लिहायला बसताना

१. पहिल्या दिवशी, पहिलं काम : .गिटइग्नोरमध्ये .एन्व्हचं नाव लिहा. मगच किल्ली आणा.
२. एक नमुना फाईल वेगळी ठेवा. तिच्यात नावं असतात, किमती रिकाम्या असतात. ती सगळ्यांना दाखवायला हरकत नाही. नवीन मित्राला काय काय लागेल ते त्यातून कळतं.
३. सरावासाठी एक किल्ली आणि खऱ्या कामासाठी दुसरी. सराव करताना खऱ्या लोकांची माहिती वापरू नका.
४. किल्लीला लागेल तेवढीच परवानगी द्या. मेल पाठवायच्या किल्लीने फक्त मेल जावेत, आणि दिवसाला किती, यावर मर्यादा असावी.
५. वेब पेजचा जो भाग वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये जातो, तिथे किल्ली कधीच ठेवू नका. तिथे गेलेलं काहीही गुप्त राहत नाही.
६. किल्ली व्हॉट्सॲपवर पाठवू नका. स्क्रीनचा फोटो कोणाला पाठवण्याआधी त्यात किल्ली दिसत नाही ना, ते बघा. किल्ली द्यायचीच असेल तर पासवर्ड मॅनेजर वापरा.
७. नोंद करण्याआधी कोड तपासणारी साधनं लावा. 'गिटलीक्स' हे असं एक साधन. गिटहबही ओळखीच्या किल्ल्या दिसल्या तर अडवू शकतं. पण साधनाच्या नजरेतूनही एखादी किल्ली सुटते, म्हणून स्वतः एकदा वाचाच.

किल्ली फुटली तर

१. जुनी किल्ली रद्द करा, नवी घ्या.
२. त्याच वेळी मोठ्या माणसाला सांगा.
३. किल्ली कोणी, कधी, कशासाठी वापरली, ते लॉगमध्ये बघा.
४. कोड आणि जुन्या नोंदी शेवटी साफ करा. रिपॉझिटरी खाजगी केली म्हणजे काम झालं, असं समजू नका.
५. ज्यांची माहिती गेली, त्यांना साध्या भाषेत कळवा.

शब्दार्थ

घोळ – गोंधळ
माळ – एकापुढे एक ओवलेल्या वस्तूंची ओळ
नवखा, नवखी – नुकतेच शिकू लागलेला, लागलेली
चाळणे – भरभर नजर टाकत वाचणे
रद्द करणे – यापुढे चालणार नाही असे करणे
भरवसा – विश्वास
ऐकवणे – (इथे) रागाने बोलणे
रिपॉझिटरी – प्रोग्रामच्या फाईली आणि त्यांचे जुने बदल ठेवण्याची जागा

म्हणी

दृष्टीआड सृष्टी – जे डोळ्यांसमोर नाही, त्याचा विचार मनात येत नाही.
झाकली मूठ सव्वा लाखाची – मूठ उघडत नाही, तोवर आत काय आहे ते कोणाला कळत नाही आणि मान टिकतो.
बैल गेला नि झोपा केला – नुकसान होऊन गेल्यावर केलेला उपाय.

स्वाध्याय

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. मुलीने वेब पेज कशासाठी केले?
२. .एन्व्ह फाईल मुलीला फोल्डरमध्ये का दिसली नाही?
३. डच कार्यालयाने उबरला कशाबद्दल दंड केला?

आ) दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
१. ताई गिटला वही का म्हणते?
२. मुलीने रिपॉझिटरी खाजगी केली, तरी तेवढे पुरेसे नव्हते. उबरच्या गोष्टीवरून कारण सांगा.
३. आजोबांचे पैसे कशामुळे वाचले?

इ) भाषेकडे पाहा.
खालील तीन वाक्ये वाचा.
• चूक झाली.
• माझ्याकडून चूक झाली.
• मी चूक केली.
चूक कोणी केली, हे कोणत्या वाक्यातून कळत नाही? काकूंना पहिले पत्र का आवडले नाही? आता ही वाक्ये 'मी' वापरून पुन्हा लिहा : 'काच फुटली.' 'निरोप द्यायचा राहिला.'

ई) बोली आणि लेखी.
ही वाक्ये लेखी भाषेत लिहा. उदाहरण : मी सगळं सांगितलं. – मी सगळे सांगितले.
१. आम्ही पत्र लिहिलं.
२. तिने कुलूप लावलं.
३. माझं चुकलं.

उ) चर्चा करा.
'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण या पाठात कुठे योग्य ठरते आणि कुठे चुकते? घरातल्या मोठ्यांशी बोला आणि आठ-दहा ओळी लिहा.

ऊ) करून पाहा.
तुम्ही कधी एखादा प्रोग्राम लिहिला असेल, तर त्यातली सेटिंग एका कागदावर लिहून काढा. प्रत्येकापुढे 'उघड' किंवा 'गुप्त' असे लिहा. गुप्त गोष्टींची फक्त नावे लिहा, किमती लिहू नका. हा कागद वर्गात दाखवायचा आहे!